आठ चाळीसची एसटी: आयबीएसचं एक प्रकरण

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतडं दिसायला निरोगी असूनही पोट दुखत आणि बिघडत राहण्याचा आजार. ज्यांची ही हकीगत आहे त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. गाव त्यांना बाई म्हणतं, दवाखान्यात मीही बाईच म्हणते, म्हणून इथेही तेच ठेवलंय. लिहायला त्यांची परवानगी आहे. वय, गाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. पोटाचे बदललेले नाहीत.

पार्श्वभूमी

बाई तेव्हा सदतीस वर्षांच्या. घर कोल्हापुरात, पंचगंगेच्या बाजूला. शाळा पन्हाळ्याच्या अंगाला, आठ चाळीसच्या एसटीनं तासाभराच्या आत. घरात नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. ऑगस्ट २०१९ मध्ये पुराचं पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं आणि शहराचा पाणीपुरवठा बंद पडला. टँकरच्या पाण्यावर काढलेल्या त्या दिवसांत घरातल्या तिघांना जुलाब-उलट्या झाल्या. नवरा आणि धाकटा चार दिवसांत उठून बसले. बाईंना तीन दिवस सलाईन लावावं लागलं. पूर ओसरला, गल्ली धुऊन झाली, शाळा सुरू झाली. बाईंचं पोट मात्र पहिल्यासारखं झालंच नाही.

माझ्याकडे त्या आल्या जून २०२२ मध्ये, शाळा उघडायच्या आठवड्यात. सकाळी उठून चहा घेतला की ओटीपोटात मुरडा यायचा. जाऊन आलं की दहा मिनिटं बरं वाटायचं, मग परत. घर सोडेपर्यंत तीन-चार खेपा, शेवटची तर चप्पल घालता घालता. संध्याकाळी पोट इतकं फुगायचं की साडीची निरी सैल करावी लागायची. रविवारी त्रास कमी, मे महिन्याच्या सुट्टीत आणखी कमी, पण पूर्ण थांबला असं कधीच नाही.

शौच कशी होते हे विचारल्यावर त्या संकोचल्या. मी टेबलाच्या काचेखालचा ब्रिस्टलचा तक्ता दाखवला. सात चित्रं असतात त्यात, पहिल्यात खड्यासारख्या कडक गोळ्या आणि सातव्यात नुसतं पाणी. त्यांनी न बोलता सहाव्यावर बोट ठेवलं.

मग पर्समधून एक छोटी वही काढली. त्यात रस्त्याचा हिशेब होता. स्टँडवरचं स्वच्छतागृह: पैसे देऊन, बरं. पेट्रोल पंप: कुलूप, किल्ली पोराकडे. त्यापुढे एका विद्यार्थिनीचं घर: चालेल, पण चहा घ्यावा लागतो. मग वळणापर्यंत काही नाही. ‘काही नाही’ला लाल शाईनं खाली रेघ.

“मॅडम, मी गाडीत बसलो की पहिलं हे बघतो. मधीच उतरायला लागलं तर कुठं जायचं.” कोल्हापूरच्या बायका ‘मी बसलो, मी बघतो’ असंच बोलतात. बाई वर्गात पुस्तकी मराठी बोलत असतील, पोटाचं मात्र त्यांनी मला घरच्या बोलीतच सांगितलं.

प्रश्न काय होता

फाइल जाडजूड होती. तीन वर्षांत आवेवरच्या मेट्रोनिडाझोलचे तीन कोर्स झाले होते, जंताच्या गोळ्या, प्रोबायोटिक, दोन सोनोग्राफी आणि एक काढा. सोनोग्राफीत ‘आतड्यात गॅस’, जो तुमच्या-माझ्याही पोटात निघेल. निदानाच्या जागी बहुतेक ठिकाणी ‘जुनी आव’.

या जुन्या आवेबद्दल दोन शब्द. आपल्याकडे महिनोन्महिने पोट बिघडलेल्या माणसाला हे लेबल चटकन लागतं. शौचाच्या तपासणीत एकदा ‘सिस्ट’, म्हणजे कवचातले अमिबा, दिसले होते हा त्याचा आधार. पण साध्या मायक्रोस्कोपखाली रोग करणारा अमिबा आणि निरुपद्रवी अमिबा यांचे सिस्ट सारखेच दिसतात. खरोखर आव असती तर पहिल्या कोर्सनंतर काहीतरी फरक पडायला हवा होता. पहिल्यानं पडला नाही म्हणून दुसरा आणि दुसऱ्यानं नाही म्हणून तिसरा दिला गेला. प्रत्येक कोर्सनंतर आठवडाभर तोंडाला कडवट चव आणि पोट अधिकच नाजूक.

बाईंचं म्हणणं एका वाक्यात होतं: “काय झालंय ते कुणीच सांगत नाही.”

पहिला निर्णय: किती तपासायचं

आयबीएस हे इतर सगळं नाकारून शेवटी उरणारं निदान आहे असं आमच्या पिढीला शिकवलं गेलं. आता तसं धरत नाहीत. २०१६ च्या रोम-४ या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटदुखी हवी. ती शौचाशी जोडलेली असणं, किती वेळा होते यात बदल आणि कशी होते यात बदल, या तीनपैकी निदान दोन गोष्टी हव्यात. आणि सुरुवात होऊन सहा महिने झालेले हवेत. बाई यात चपखल बसत होत्या. पोटाचा तीव्र संसर्ग होऊन गेल्यावर साधारण दहांत एकाला असा आयबीएस मागे राहतो, त्यामुळे पुराचा धागाही जुळत होता.

धोक्याच्या खुणा विचारल्या. शौचातून रक्त नाही, ताप नाही, वजन ६१ किलोवर स्थिर. रात्री झोपेतून उठून जावं लागतं का? नाही. हा प्रश्न मी कधी चुकवत नाही. आयबीएसचं आतडं सहसा माणसाबरोबर झोपतं. झोपमोड करणारे जुलाब असतील तर दुसरं काही शोधायला लागतं.

पर्याय तीन होते. निकष पुरे समजून तपासण्या न करता उपचार सुरू करायचे, मोजक्या तपासण्या करायच्या, किंवा थेट कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं मोठं आतडं आतून बघणं. पहिला पर्याय पुस्तकात ठीक आहे, पण आपल्याकडे आतड्याचा क्षय अजून आहे आणि तीन वर्षं उत्तर न मिळालेल्या बाईंना तो पटला नसता. तिसऱ्याची गरज दिसत नव्हती. मी मधला धरला: रक्ताची साधी तपासणी, शरीरातली सूज दाखवणारी सीआरपी, थायरॉइड, गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा करणाऱ्या सीलिॲक आजाराची रक्तचाचणी आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन. शेवटची महागडी आहे, पण आतड्याला सूज आहे की नाही हे ती बऱ्यापैकी सांगते. ५० च्या आत असलं तर सुजेचा आजार असण्याची शक्यता फार कमी. बाईंचं ३८ आलं. बाकीही सगळं बरोबर.

इथवर मी आजही वेगळं काही करणार नाही.

चूक कुठे झाली

रिपोर्ट घेऊन बाई आल्या तेव्हा बाहेर बावीस पेशंट बसले होते. मी म्हणाले, “सगळं नॉर्मल आहे, काही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका.” आयबीएस हा शब्द कागदावर लिहिला, तोंडानं उच्चारला की नाही ते आठवत नाही. पोटदुखीसाठी मेबेव्हरिन दिलं आणि ड्रॉवरमधून आहाराची झेरॉक्स काढून हातात ठेवली.

ती झेरॉक्स लो-फॉडमॅप आहाराची होती. कांदा, लसूण, गहू, डाळी, दूध, काही फळं यांतल्या काही शर्करा, म्हणजेच फॉडमॅप, लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पुढे जाऊन पाणी ओढतात, मोठ्या आतड्यातले जंतू त्यांचा गॅस करतात आणि नाजूक आतड्याला तो ताण सोसत नाही. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठानं बसवलेली ही पद्धत चांगली आहे, पण तिचे तीन टप्पे आहेत: दोन ते सहा आठवडे बंद, मग एकेक पदार्थ परत आणून बघणं, मग आपल्यापुरतं कायमचं ठरवणं. माझ्या झेरॉक्सवर फक्त पहिला टप्पा होता. भाज्यांत ॲस्परॅगस आणि ब्रोकोली होती. ज्वारीचं नाव नव्हतं.

आणि कोल्हापुरात ‘कांदा-लसूण बंद’ हे किती सहज लिहिलं गेलं! इथे उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली कांदा-लसूण चटणी वर्षभर घरातल्या प्रत्येक पातेल्यात पडते. ती बंद म्हणजे घरचं जेवण बंद. सासूबाई म्हणाल्या होत्या म्हणे, “मग हिनं खायाचं काय, उपासाची आमटी?”

बाई चार महिने आल्या नाहीत.

दुसरा निर्णय: वजन उतरलं, आता काय

ऑक्टोबरच्या शेवटी आल्या तेव्हा काट्यावर ५४.५ किलो. मी काटा पुन्हा शून्यावर आणून परत उभं केलं. तेवढंच. साडेसहा किलो गेले होते.

जूनमध्ये माझ्याकडे धोक्याची एकही खूण नव्हती. आता एक होती, आणि ती बहुतेक माझ्याच झेरॉक्सनं तयार केली होती. बाईंनी कागदावरचं सगळं बंद केलं, थोडं बरं वाटलं, मग अजून बरं वाटावं म्हणून कागदावर नसलेलंही बंद केलं. उरला होता मऊ भात, ताकाचं पाणी आणि उकडलेला बटाटा. शाळेत दिवसभर काहीच नाही, कारण खाल्लं की जावं लागतं.

उपासमारीनं वजन गेलं हे उघड दिसत होतं. पण उघड दिसतं म्हणून दुसरं कारण नाही असं धरणं बरोबर नाही. कॅलप्रोटेक्टिन परत केलं, ते ११० आलं. ना इकडचं ना तिकडचं. आणि त्या दिवशी बाईंनी पहिल्यांदा सांगितलं की त्यांचा मामा आतड्याच्या कॅन्सरनं गेला. “त्याचं पण असंच सुरू झालतं म्हणतात.” तीन वर्षं हे पोटात ठेवून त्या डॉक्टर बदलत होत्या. जूनमध्ये मी घराण्याचा इतिहास विचारला होता, त्या “नाही” म्हणाल्या होत्या. मी आई-वडील, भाऊ-बहीण असं विचारलं होतं. मामा त्यात बसत नव्हता.

आहार वाढवून सहा आठवडे वाट बघायची, की कोलोनोस्कोपी? शास्त्रानं पाहिलं तर वाट बघणं चालण्यासारखं होतं. पण मामाचं ऐकल्यावर वाट बघण्याचे ते सहा आठवडे बाईंनी कसे काढले असते ते मला दिसत होतं. ओळखीच्या पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. लहान आतड्याच्या टोकापर्यंत बघून, वरून चांगलं दिसलं तरी तुकडे घ्यायला सांगितले, कारण क्षयाची सुरुवात आणि सूक्ष्म सूज नुसत्या डोळ्यांना चुकू शकते. सगळं निरोगी निघालं.

मागाहून एक गोष्ट लक्षात आली. दुसऱ्या कॅलप्रोटेक्टिनच्या आधी दोन आठवडे टाचदुखीसाठी त्या मेडिकलमधून आणून डायक्लोफिनॅक घेत होत्या. या जातीच्या वेदनाशामकांनी हा आकडा वर जातो. मी विचारलं असतं, गोळी थांबवून काही आठवड्यांनी चाचणी परत केली असती, तर बहुधा ती खाली आली असती. तरी कोलोनोस्कोपी टळली असती का? आकड्यापुरती टळली असती. मामामुळे कदाचित नसती.

निदान सांगणं

यावेळी त्यांना शनिवारी दुपारी बोलावलं, बाहेर कोणी नसताना. नवऱ्यालाही या म्हटलं.

पुराचाच आधार घेतला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. मी म्हटलं, तुमच्या आतड्याला पूर येऊन गेला. पाणी उतरलं, भिंती शाबूत आहेत, दुर्बिणीनं आत जाऊन बघून आलो. पण पूर गेल्यावर भोंगा लावणाऱ्यानं इशारा पातळी ३९ वरून २० वर आणून ठेवलीय. नदीत नेहमीचं पाणी आलं तरी भोंगा वाजतो. वाजतो तो खरा वाजतो. दुखतं ते खरं दुखतं.

“म्हंजे मनाचं नव्हं?” नवऱ्यानं विचारलं.

मनाचं नाही, पण मेंदूशी बोलणं आहेच. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं मोठं जाळं आहे आणि मेंदूशी त्याचा निरोप दोन्ही बाजूंनी चालू असतो. रोम-४ नंतर या आजारांना आतडं आणि मेंदू यांच्या परस्परसंवादाचे विकार म्हणतात ते यामुळेच. गाडी चुकेल ही भीती निरोप म्हणून खाली जाते, मुरडा निरोप म्हणून वर येतो, त्यानं भीती वाढते. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मग पातळी परत वर करता येती का?” दवाखान्यात मला विचारला गेलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न असेल. थोडी येते, हळूहळू, असं सांगितलं.

काय केलं

आधी सकाळ. जेवण पोटात पडलं की मोठं आतडं हलतं, ही प्रत्येकाच्या शरीरातली सोय आहे. बाईंच्यात ती जोरात चालते, आणि नेमकी गाडीच्या वेळेला. म्हणून ती उशिरा येऊ देण्यापेक्षा लवकर बोलावली. सहाच्या आत उठायचं, नुसता चहा नाही, आधी ज्वारीची अर्धी भाकरी किंवा दोन इडल्या. दोन खेपा व्हायच्या त्या सातपर्यंत घरात होऊन जातात. नऊच्या सुमाराला आतडं शांत असतं. बाकी कशाहूनही या एका बदलानं जास्त फरक पडला असं बाई सांगतात.

चोथ्यासाठी कोंडा घालायचा नाही, इसबगोल घ्यायचं, चिमटीनं सुरू करून चमच्यापर्यंत. कोंड्यानं अशी पोटं जास्त फुगतात. पालकसभा, तपासणी अशा ठरलेल्या दिवशी निघायच्या आधी जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडची एक गोळी. ती रोज घ्यायची नाही, पर्समध्ये मात्र रोज असायची. पर्समध्ये आहे एवढ्यानंच बरेचदा काम भागतं.

मग खाणं परत आणलं, दर चार दिवसांनी एक पदार्थ. वही तीच, मागच्या बाजूनं. दही चाललं. दोन चपात्या चालल्या. मुगाची आमटी वाटीभर चालली, अख्खा मसूर अजिबात नाही. दुधानं दोन तासांत पोट धरलं. लहानपणी वडिलांबरोबर गंगावेशच्या दूध कट्ट्यावर उभ्यानं पेला संपवणाऱ्या बाईंना हे फार लागलं. मोठेपणी दुधातली साखर पचवण्याची ताकद आपल्याकडे बऱ्याच जणांची कमी होते, हे सांगूनही.

लसणाचा तोडगा सासूबाईंच्या हातातला निघाला. लसणातला त्रासदायक अंश पाण्यात उतरतो, तेलात नाही. म्हणून तेलात ठेचलेला लसूण लालसर परतून काढून टाकायचा, मग फोडणी करायची. वास राहतो, त्रास जातो. कांद्याऐवजी पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, पण पुढच्या उन्हाळ्यात डंकावर स्वतःहून अर्धा किलो मसाला वेगळा कुटून आणला, कांदा-लसणाशिवाय.

रविवारच्या रश्श्यानं आम्हा दोघींनाही चकवलं. तांबडा वर्ज्य आणि पांढरा सौम्य, असं मीही समजून होते. वहीत उलटं निघालं. तांबड्याची लहान वाटी थोडी जळजळ करून गेली. पांढऱ्यानं रात्रभर पोट फुगलं. त्यांच्या घरी पांढऱ्यात काजू भरपूर वाटतात, आणि काजू फॉडमॅपच्या यादीत बराच वर आहे. अळणी, म्हणजे मटणाचं बिनतिखटाचं पाणी, मात्र बिनतक्रार चालतं.

गोळीवरून झालेला घोळ

जानेवारी २०२३ पर्यंत वजन ५७ झालं, जुलाब निम्म्यावर आले, पण मुरडा तसाच होता. मी रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम सुरू केलं. तिसऱ्या दिवशी नवऱ्याचा फोन आला. मोबाइलवर शोधल्यावर त्यांना ‘नैराश्याची गोळी’ असं दिसलं होतं. “मॅडम, मनाचं नाही म्हटला होता.”

बरोबरच होतं त्यांचं. देतानाच सांगायला हवं होतं की हे जुनं औषध नैराश्यासाठी याच्या कित्येक पट मात्रेत देत, आणि इतक्या कमी मात्रेत ते आतड्याच्या नसांचा निरोप मंद करतं. शिवाय त्यानं पोट थोडं बांधलं जातं, जे बाईंच्या बाबतीत फायद्याचं होतं. तोंड कोरडं पडतं आणि सकाळी जडपणा राहतो हेही सांगायचं राहिलं होतं. सगळं सांगितल्यावर बाईंनी ती पुन्हा घेतली, जडपणामुळे आठ वाजताच. दोन महिन्यांनी २० केली. त्याच वर्षी पुढे लॅन्सेटमध्ये इंग्लंडमधल्या ४६३ पेशंटांवरचा अभ्यास आला. फॅमिली डॉक्टरांनी १० ते ३० मिलिग्रॅममध्ये दिलेलं हेच औषध सहा महिन्यांनी नकली गोळीपेक्षा सरस ठरलं होतं. मी तो कागद नवऱ्याला दाखवला. त्यांनी चष्मा लावून आकडे वाचले.

हे वाचून कोणी स्वतःच्या मनानं ही गोळी आणू नये. हृदयाचे ठोके अनियमित असतील, काचबिंदू असेल, तर ती महागात पडते.

आज त्या पहिल्यांदा आल्या तर

ती झेरॉक्स मी फाडली. आता आधी साधे बदल करते: वेळेवर जेवण, चहा-कॉफी कमी, तिखट आणि तळकट थोडं कमी, इसबगोल. फॉडमॅपच्या यादीचा आहार लागलाच तर सहाव्या आठवड्याची तारीख कागदावर घालून देते आणि वजन लिहून घेते. घराण्यात कोणाला काय झालं हे विचारताना मामा-मावशी-आत्यांपर्यंत जाते, आणि ‘तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते?’ हे पहिल्याच भेटीत विचारते. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांची पाकिटं आणायला सांगते. रिपोर्ट चांगले आले की ‘काही झालेलं नाही’ म्हणत नाही, आजाराचं नाव घेते.

शाळेचा भाग मी उशिरा मनावर घेतला. शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली ऑफिसच्या कपाटात असायची आणि दर वेळी मागायला जावं लागायचं. बाईंना दुसरी किल्ली करून मिळाली आणि दुपारचा डबा सुरू झाला. तीस रुपयांचं काम, दीड वर्ष कोणाला सुचलं नाही, मला तर नाहीच.

पुढे काय झालं

आठवड्यातले चार-पाच वाईट दिवस आता एकावर आलेत, कधी दोन. वजन साठाच्या आसपास आहे. ७ मे २०२४ ला लोकसभेच्या मतदानाची ड्यूटी लागली, आदल्या रात्री अनोळखी गावात मुक्काम. बाई आठवडाभर आधी येऊन गेल्या. ड्यूटी रद्द करायला दाखला देऊ का, असं मी विचारलं, त्या नको म्हणाल्या. भाकरी, दही आणि गोळी घेऊन गेल्या. पहाटे तीनला मुरडा आला, मतदान सुरू व्हायच्या आत दोनदा जावं लागलं, त्यानंतर संध्याकाळपर्यंत काही नाही. पुढचे दहा दिवस मात्र पोट पार बिघडलेलं होतं.

रात्रीची अमिट्रिप्टिलिनची गोळी आता परत १० वर आणली आहे. मला ती बंद करून बघायची आहे, बाई म्हणतात शाळा सुरू होऊन पहिला महिना जाऊ दे. वही अजून पर्समध्ये असते. परवा तिच्यात लाल रेघेच्या जागी नवी नोंद दिसली: वळणावर नवीन हॉटेल झालंय, बायकांना वेगळं आहे, कडी आतून लागते.